वेशीपाशी आलेली कंपनी

२०२३ सालच्या जून महिन्यात निरनिराळ्या देशांतील काहीशे संगणकचालकांनी एका प्रतिज्ञापत्राखाली आपली नावे घातली. प्रतिज्ञा अगदी आखूड होती. फेसबुकची मालक असलेली मेटा कंपनी आपल्या जालाशी संबंध जोडू पाहील, तर तिच्यासाठी आपली वेस बंद ठेवावयाची, एवढेच तीत म्हटले होते. कंपनीने आपली नवी सेवा त्या वेळी बाजारात आणलीही नव्हती. सह्या करणारांपैकी कोणाकडे हजार-दोन हजार सभासद, तर कोणाकडे नुसते दहा-वीस. आणि समोरच्या कंपनीच्या सर्व सेवा मिळून दररोज वापरणारांची संख्या त्या वर्षी तीनशे कोटींच्या घरात गेलेली. मुंग्यांनी हत्तीला वारुळात येण्यास मज्जाव करावा, तसा हा प्रकार वरवर पाहणारास वाटेल. परंतु हत्तीच्या वाटेत आलेल्या वारुळाचे काय होते हे मुंग्यांइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार?

हे जाल कोणते, हे प्रथम सांगितले पाहिजे. ट्विटर किंवा फेसबुक म्हणजे एकाच मालकाचा अवाढव्य वाडा. बिऱ्हाडकरू कोट्यवधी असले, तरी दिंडीची किल्ली मालकापाशी. ज्या जालाला फेडिव्हर्स असे नाव पडले आहे त्याची रचना याच्या उलट आहे. तेथे हजारो लहान लहान सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे, खर्चाची तजवीज निराळी. परंतु या सर्वांनी निरोपांची एकच भाषा मान्य केली असल्यामुळे एका सर्व्हरवरील मनुष्याचे लिखाण दुसऱ्या सर्व्हरवरील मनुष्यास सहज वाचता येते. पुण्याच्या पोस्टात टाकलेले पत्र नागपूरच्या पोस्टमनने पोहोचवावे, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे प्रत्येक पोस्टाचा धनी स्वतंत्र आहे. आणि धनी स्वतंत्र असल्यामुळे अमुक पोस्टाची पत्रे आपण घेणार नाही, असे म्हणण्याचा अधिकारही त्याला आहे.

या अधिकाराला मराठीत नेमका शब्द शोधू गेल्यास ‘वाळीत टाकणे’ हाच पुढे येतो, आणि तो येताच मन थोडे अडखळते. जातपंचायतींनी दुबळ्या कुटुंबांचे पाणी तोडावे, विस्तव तोडावा, असा या शब्दाचा इतिहास आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा संमत करावा लागला. येथे मात्र लहानांनी मोठ्याला वाळीत टाकावयाचे होते. तसे करणे न्याय्य होते काय, आणि न्याय्य असले तरी शहाणपणाचे होते काय, असा तो वाद होता. हा वाद नवा आहे असा समज तेव्हा पुष्कळांचा झाला. वस्तुतः तो शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा पहिला खटला टेलिफोनच्या तारांवर लढला गेला.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यास टेलिफोनचे पहिले पेटंट ७ मार्च १८७६ रोजी मिळाले आणि दुसरे महत्त्वाचे पेटंट ३० जानेवारी १८७७ रोजी. अमेरिकेत पेटंटची मुदत त्या काळी सतरा वर्षांची होती. तोवर बेल कंपनीची मिरासदारी अबाधित होती. तिने मोठ्या शहरांतील व्यापारी पेढ्यांना यंत्रे दिली, भाडे भारी ठेवले आणि खेड्यापाड्यांकडे फारसे लक्ष दिले नाही. १८९३-९४ मध्ये पेटंटांची मुदत सरली आणि बांध फुटल्याप्रमाणे स्वतंत्र टेलिफोन कंपन्या देशभर निघाल्या. गावचा औषधविक्या, डॉक्टर, धान्याचा व्यापारी अशी मंडळी भांडवल जमवीत आणि एक्स्चेंज उभारीत. शेतकऱ्यांनी तर याहून पुढे मजल मारली. शेताच्या कुंपणाला जी काटेरी तार लावलेली असे तिच्यातूनच त्यांनी आवाज पाठविला! पाऊस पडला की बोलणे अस्पष्ट होई, एका तारेवर आठ-दहा घरे असल्यामुळे एकाचे गुपित आळीभर होई. परंतु मैल मैल अंतरावर एकटे राहणाऱ्या कुटुंबांना त्या खरखरत्या तारेने माणसांत आणले.

या स्वतंत्र कंपन्या केवळ बेलची स्वस्त नक्कल होत्या, असे समजणे चुकीचे ठरेल. मध्यस्थ बाईवाचून आपोआप जोडणी करणारे यंत्र कॅन्सास सिटीच्या आल्मन स्ट्रोजर या प्रेतसंस्कारांची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थाने शोधून काढले. त्याचे पहिले एक्स्चेंज १८९२ साली इंडियानातील ला पोर्त या गावी सुरू झाले, आणि ते यंत्र उचलून धरले ते प्रामुख्याने स्वतंत्र कंपन्यांनी. बेल कंपनी त्या मार्गाला लागली १९१९ च्या सुमारास. १९०७ साली अमेरिकेत साठ लाखांच्या आसपास टेलिफोन होते, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे बेलचे नव्हते.

येथे तो प्रश्न उभा राहिला. बेलचा ग्राहक आणि स्वतंत्र कंपनीचा ग्राहक यांना एकमेकांशी बोलता येत नसे, कारण बेल कंपनी आपल्या तारा प्रतिस्पर्ध्याच्या तारांना जोडू देत नसे. ज्या गावात दोन कंपन्या असत तेथील दुकानदाराला भिंतीवर दोन यंत्रे टांगावी लागत व दोन बिले भरावी लागत. ‘जोडून का घेत नाही?’ असे ग्राहक विचारी. परंतु जोडणीला विरोध केवळ बेलचाच होता असे नाही. स्वतंत्र कंपन्यांच्या पुढाऱ्यांपैकी अनेकांचे म्हणणे असे की, ज्या दिवशी आपली तार बेलच्या तारेस जोडली जाईल त्या दिवशी आपले वेगळेपण संपले. ग्राहकाला मग दोन यंत्रांची गरज उरणार नाही आणि तो साहजिकच मोठ्या जाळ्याकडे जाईल. आपल्या गावचे शेतकरी आपल्याच तारेवर सापडतात, हेच तर आपले बळ. त्यांच्या संघटनेत बेलशी संबंध जोडणाऱ्या सभासदास फितूर म्हणत.

१९०७ साली थिओडोर वेल हा बेलच्या मातृकंपनीचा, म्हणजे अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचा, अध्यक्ष झाला. अमेरिकेच्या उद्योगसृष्टीत त्याच्याइतका दूरदृष्टीचा मुत्सद्दी विरळा. त्याने धोरण बदलले. एकच व्यवस्था, एकच धोरण आणि सर्वांना सेवा, अशी कंपनीची घोषणा १९०८ पासून जाहिरातींतून झळकू लागली. जेथे स्पर्धा नव्हती तेथील लहान कंपन्यांना त्याने जोडणीचा हात दिला. मात्र त्या हातात अटी होत्या. यंत्रे बेलच्या पसंतीची असावीत, आणि ज्यांच्याशी बेलचे वैर त्यांच्याशी व्यवहार नसावा. ही बोलणी एकेका कंपनीशी स्वतंत्रपणे होत. ज्या गावच्या कंपनीला शिकागोपर्यंत बोलण्याची सोय हवी होती ती मोहात पडली, तिच्या शेजारची एकटी पडली, आणि एकटी पडलेली पुढे विक्रीला निघाली. स्वतंत्रांना देशभर पसरलेली स्वतःची लांब पल्ल्याची तार कधीच पुरी करता आली नाही. न्यूयॉर्कसारख्या नगरात त्यांचा पाय रोवला गेला नाही. फितुरांना शिव्या देण्यात त्यांनी जेवढी शक्ती खर्च केली तेवढी ही तार ओढण्यात केली असती तर इतिहास कदाचित निराळा झाला असता.

अखेर सरकार मध्ये पडले. १९ डिसेंबर १९१३ रोजी कंपनीचे उपाध्यक्ष नेथन किंग्जबरी यांनी अमेरिकेचे महाधिवक्ते मॅक्रेनॉल्ड्स यांस पत्र लिहून तीन गोष्टी कबूल केल्या: वेस्टर्न युनियन ही तारायंत्राची कंपनी सोडून देणे, सरकारी संमतीवाचून प्रतिस्पर्ध्यांना विकत न घेणे, आणि लांब पल्ल्याच्या तारांवर स्वतंत्रांना जोडणी देणे. स्वतंत्रांनी हा आपला जय मानला. परंतु पत्रातील मेख अशी की, जोडणी लांब पल्ल्याची होती, गावातल्या गावातली नव्हती. समोरच्या रस्त्यावरील बेलच्या ग्राहकाशी बोलणे तरीही शक्य नव्हते. १९२१ साली काँग्रेसने कायदा करून टेलिफोन कंपन्यांच्या एकीकरणास वाट मोकळी केली, आणि शतकाच्या मध्यापर्यंत देशातील पाचांपैकी चार टेलिफोन बेलच्या पदराखाली आले. ती सत्ता मोडली ती थेट १ जानेवारी १९८४ रोजी.

संगणकाच्या युगात या कथेचा दुसरा अध्याय घडला; तो पुष्कळच लहान आहे. जेरेमी मिलर या तरुणाने १९९९ च्या जानेवारीत जॅबर नावाची संदेशपद्धती जाहीर केली. कोणीही आपला सर्व्हर उभारावा आणि इतरांशी बोलावे, अशी ती होती. २००४ साली तिला एक्सएमपीपी या नावाने अधिकृत मानकाचे रूप आले. २००५ च्या ऑगस्टात गूगलने याच पद्धतीवर आपली टॉक सेवा सुरू केली आणि २००६ च्या जानेवारीत इतर सर्व्हरांसाठी दार उघडले. जॅबरच्या भक्तांना आकाश ठेंगणे झाले. पाहता पाहता त्यांच्या ओळखीचे बहुतेक लोक गूगलच्या छपराखाली सापडू लागले. मग २०१३ च्या मे महिन्यात गूगलने हँगआउट्स ही नवी सेवा पुढे केली. तिला बाहेरच्या सर्व्हरांशी बोलता येत नव्हते. कोणी कोणाला हाकलले नाही. केवळ एकेक मित्र नव्या सेवेत गेला आणि जुन्या यादीतील त्याचे नाव मुके झाले. बेल्जियमचे लेखक व अभियंते प्लूम यांनी २०२३ च्या जूनमध्ये हीच हकीकत सांगून फेडिव्हर्सला सावध केले, आणि तो लेख चोहीकडे वाचला गेला. त्यांच्या विवेचनात थोडी अतिशयोक्ती आहे. जॅबरला मागे टाकले ते खिशातल्या फोनने आणि व्हॉट्सॲपनेही (गंमत अशी की, व्हॉट्सॲपचा पाया त्याच पद्धतीवर घातलेला होता), आणि जॅबर अगदी नामशेषही झाले नाही. तरी मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. गूगल नसताना जॅबर जेवढे होते तेवढेच गूगल गेल्यावर राहिले असते तर तक्रार नव्हती. परंतु मधल्या सात वर्षांत त्याची माणसे आपल्या शेजाऱ्यांना मालकाच्या वाड्यात शोधावयास शिकली होती.

फेडिव्हर्सचे लोक या दोन्ही अध्यायांचे वारस होत. इव्हान प्रॉड्रोमू यांनी २००८ साली आयडेंटिका ही सेवा काढून या पंथाची सुरुवात केली. जर्मनीच्या ऑयगेन रोख्को या तरुणाने २०१६ च्या ऑक्टोबरात मॅस्टोडॉन प्रसिद्ध केले. आणि २३ जानेवारी २०१८ रोजी ॲक्टिव्हिटीपब ही निरोपांची सामाईक भाषा जागतिक मानक म्हणून मान्य झाली. वेशी बंद करण्याची रीत येथे प्रथमपासून होती, आणि तिच्यात तारतम्यही होते. जपानच्या पिक्सिव्ह कंपनीने २०१७ साली चित्रकारांसाठी मोठा सर्व्हर काढला. तेथील काही चित्रे जपानात कायदेशीर, परंतु युरोपात ठेवणे गुन्हा. तेव्हा अनेकांनी त्या सर्व्हरचे शब्द घेतले आणि चित्रे नाकारली. उलट २०१९ च्या जुलैत गॅब ही सेवा मॅस्टोडॉनचे साधन उचलून या जालात शिरली तेव्हा तारतम्याला जागा नव्हती. पिट्सबर्ग येथील ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात २०१८ साली अकरा जणांचा बळी घेणारा मनुष्य याच गॅबवर लिहीत असे. बहुतेक सर्व्हरांनी तिला एकदम बाहेर ठेवले. कोणा मध्यवर्ती सत्तेची आज्ञा नव्हती, तरी गावोगावच्या वेशी आपापल्या निर्णयाने लागल्या. पुढे गॅबने स्वतःच तो नाद सोडला.

याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारतातही या जालाचे नाव प्रथमच मोठ्या प्रमाणावर ऐकू आले. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केल्याच्या निषेधार्थ पुष्कळ भारतीय मंडळी मॅस्टोडॉनवर गेली. त्यांतील बरीच थोड्याच दिवसांत परतली, कारण वाचणारे सगळे मागेच राहिले होते. ही एवढीशी घटना वादातील दुसऱ्या पक्षाचे म्हणणे समजण्यास फार उपयोगी आहे.

२७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४,४०० कोटी डॉलर देऊन ट्विटर विकत घेतले, आणि त्या वर्षअखेरीस मॅस्टोडॉन वापरणारांची संख्या पंचवीस लाखांपर्यंत चढली. ५ जुलै २०२३ रोजी मेटाने थ्रेड्स ही सेवा सुरू केली. पाच दिवसांत तिचे दहा कोटी सभासद झाले. ही सेवा पुढे ॲक्टिव्हिटीपबची भाषा बोलणार, असे कंपनीने सांगून ठेवले होते. काही मोठ्या सर्व्हरांच्या चालकांना कंपनीने आधीच खासगी बैठकीची निमंत्रणे धाडली होती, आणि बोलणे बाहेर फोडू नये अशी अपेक्षा त्यात होती. एका चालकाने निमंत्रण नाकारून ते पत्रच प्रसिद्ध केले. वेलची एकेकट्याशी चाललेली बोलणी ज्यांना माहीत होती त्यांना यात नवे काहीच वाटले नसावे.

दारे लावू पाहणारांना आठवत होती ती धृतराष्ट्राची मिठी. प्रेमाने आलिंगन द्यावयाचे आणि त्यातच चूर्ण करावयाचे. परंतु त्यांची भीती केवळ गिळले जाण्याची नव्हती. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध द्वेष पसरविण्यास आपल्या सेवेचा उपयोग झाला आणि तो रोखण्यास आपण पुरेसे केले नाही, हे फेसबुकने २०१८ च्या नोव्हेंबरात स्वतः मान्य केले होते. लहान सर्व्हरांवर आश्रयाला आलेली बरीच माणसे मोठ्या वाड्यांतील छळाला कंटाळून आलेली. त्यांचे रक्षण करतो तो एखादा चालक नोकरी सांभाळून, रात्री जागून, वर्गणीच्या पैशातून. दहा कोटींच्या गर्दीतून येणारे शिव्याशाप त्याने एकट्याने कसे निवडावे? २०२३ मध्येच हजारो सभासदांचा एक सर्व्हर त्याच्या चालकाने या भांडणांना विटून बंद केला होता. ज्यांच्यासाठी दार म्हणजे केवळ धोरण नसून निवारा आहे, त्यांच्या हातून कडी काढून घेण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.

दुसरा पक्ष रोख्को यांच्यासारख्यांचा. एवढी मोठी कंपनी आपली भाषा बोलू लागली, हा चळवळीचा विजयच नव्हे काय, असा त्यांचा प्रश्न. फेसबुकवरून निघून आलेल्या मनुष्याची आई, भाऊ, शाळासोबती तेथेच राहतात. वेस बंद केल्याने कंपनीचे काही बिघडत नाही. दुरावतो तो हा मनुष्य, आणि पुन्हा त्याच वाड्यात परत जातो. कंपनी माहिती गोळा करील म्हणावे, तर जे लिखाण जगजाहीर आहे ते ती अडविल्यानेही वाचू शकते.

दोन्ही पक्ष टेलिफोनचा इतिहास अर्धाच वाचतात, असे म्हणावेसे वाटते. जोडणी स्वीकारणारे गिळले गेले, हे पहिल्या पक्षाला दिसते. न स्वीकारणारे एकाकी पडून विकले गेले, हे दुसऱ्याला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. स्वतंत्र कंपन्यांना बुडविले ते जोडणीने नव्हे आणि नकारानेही नव्हे. सामाईक असे त्यांच्यापाशी काही नव्हते, आणि ग्राहक ज्या तारेला बांधला गेला तिथेच अडकला होता, त्यामुळे त्या बुडाल्या. या दुसऱ्या बाबतीत फेडिव्हर्सची स्थिती बरी आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात मॅस्टोडॉनने अशी सोय केली की, सभासदाने एक सर्व्हर सोडून दुसरा धरला तरी त्याचा वाचकवर्ग त्याच्याबरोबर जातो. जुने लिखाण जात नाही, ही त्यातील उणीव. तथापि २०११ च्या जानेवारीपासून भारतात नंबर न बदलता टेलिफोन कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा ग्राहकाला जे बळ आले त्याच जातीचे हे बळ आहे. चालकाने वेस लावली आणि ती सभासदाला जाचक वाटली, तर तो शेजारच्या गावात बिऱ्हाड करू शकतो. म्हणूनच येथील वाळीत टाकणे हे जातपंचायतीच्या वाळीत टाकण्यासारखे होत नाही. मात्र सर्वांनी मिळून एकच प्रतिज्ञा पाळावी, हा आग्रह या स्वातंत्र्यालाच बाधक होता. आणि सर्वांनी दारे उघडीच ठेवावीत, हा आग्रहही तितकाच.

प्रत्यक्षात घडले ते दोन्ही बाजूंच्या भाकितांहून बेताचे. १३ डिसेंबर २०२३ रोजी मेटाने जोडणीचा प्रयोग जाहीर केला. २१ मार्च २०२४ रोजी अमेरिका, कॅनडा आणि जपान येथील प्रौढ सभासदांना, त्यांनी मागितल्यास, ती सोय मिळाली. पुढे ती इतर देशांत गेली. शेकडो सर्व्हरांनी वेशी बंद ठेवल्या, मॅस्टोडॉनच्या सर्वांत मोठ्या सर्व्हरने उघडी ठेवली, कित्येकांनी अर्धी लावून घेतली. पूर आला नाही. २०२५ च्या जूनमध्ये थ्रेड्सने बाहेरच्या सर्व्हरांवरील लिखाण वाचण्याची व्यवस्था केली, परंतु ते मुख्य प्रवाहात न मिसळता निराळ्या कप्प्यात ठेवले. किंग्जबरीच्या पत्रातील लांब पल्ल्याच्या तारेची आठवण व्हावी अशीच ही तजवीज. त्याच वर्षीच्या ऑगस्टात थ्रेड्सचे मासिक सभासद चाळीस कोटी झाल्याचे कंपनीने सांगितले. मॅस्टोडॉनचे त्या सुमारास दहा लाखांच्या आसपास होते.

युरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्याने मोठ्या संदेशसेवांना लहान सेवांशी जोडणी देणे बंधनकारक केले. सामाजिक जालांना मात्र ते कलम लावले नाही. थ्रेड्सच्या प्रमुखांनी २०२३ साली आणखी एक आश्वासन दिले होते. सेवा सोडून जाणाऱ्यास आपला वाचकवर्ग बरोबर नेता येईल, अशी सोय पुढेमागे करू, असे ते होते. २०२५ साल सरत आले तरी ती सोय झालेली नव्हती.